आतडं काढलं म्हणजे डॉक्टरांना रामराम नव्हे

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराच्या, पेशंटांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘मोठं आतडं काढलं की आजार मुळासकट गेला. मग पोट पूर्वीसारखं, ना गोळ्या, ना तपासण्या.’ माझ्या धाकट्या भावाचं हे ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली. ऑपरेशनमुळेच तो आज धडधाकट आहे, त्यामुळे घाबरून ते कुणी टाळू नये. पण या मेसेजवर विसंबून कुणी दुखणं अंगावरही काढू नये.

‘आजार मुळासकट गेला.’ मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्याच्या टोकाचा एक कप्पा शिवून खाली जोडतात, त्याला पाऊच म्हणतात. या पाऊचला सूज येते, तिचं नाव पाऊचायटिस. जवळजवळ निम्म्या लोकांना ती कधी ना कधी गाठते. भावाला चौथ्या वर्षी गाठलं. दिवसातून बारा-पंधरा वेळा संडास, ओटीपोटात कळा, अंगात कसर. ‘आतडंच नाही तर कोलायटिस कुठून होणार?’ म्हणत त्याने तीन आठवडे लग्नातल्या जेवणाला दोष दिला. शेवटी स्कोप (नळीच्या कॅमेऱ्याने आतून तपासणी) झाली, अँटिबायोटिक सुरू झालं आणि चार दिवसांत उतार पडला. ते तीन आठवडे फुकट सोसले, याचं मला अजून वाईट वाटतं. काहींना मात्र ही सूज पुन्हापुन्हा येते, औषधं लांबतात. थोड्या जणांचा पाऊच काढावाही लागतो. शिवाय जोडणीपाशी गुदाशयाची छोटी पट्टी बहुधा उरते, तिथे मूळ आजारच डोकं वर काढू शकतो. म्हणून अधूनमधून स्कोप लागते. बी-१२ आणि लोहही बघावं लागतं.

‘पोट पूर्वीसारखं.’ पाणी शोषणारं आतडंच गेलं, तर पूर्वीसारखं कसं होईल? दिवसातून पाच-सहा वेळा आणि रात्री एखाद वेळ जावं लागणं, हे पाऊच नीट चालल्याचंच लक्षण. उन्हाळ्यात अंगातलं पाणी-मीठ झटकन उतरतं.

मेसेजमध्ये बायकांबद्दल एक अक्षर नाही. ओटीपोटातल्या या ऑपरेशननंतर गर्भनलिकांभोवती चिकटे (आतले अवयव एकमेकांना चिकटवणारे व्रणाचे पट्टे) तयार होतात आणि दिवस राहायला अडचण येऊ शकते. मुलीला हे ऑपरेशनआधीच सांगायला हवं, तिच्या आईवडिलांना किंवा नवऱ्याला बाजूला घेऊन नव्हे.

असेच चिकटे आतड्यालाही पीळ पाडतात. गेल्या पावसाळ्यात गावी भावाने घाईघाईत मक्याची दोन कणसं खाल्ली. रात्री पोट टम्म, उलट्या, संडास आणि वारा दोन्ही बंद. अशा वेळी ओवा चावत बसू नका, रेचक तर मुळीच घेऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना त्याला मोठं आतडं नाही हे कळलं ते पाकिटातल्या चिठ्ठीमुळे. तिच्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा नंबर लिहिलेला असतो.