दुखणं गिअरला, डाग मीटरला

1969 च्या प्लिमथ रोड रनर गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा ताशी 72 मैल दाखवतोय, ट्रकवाले हॉर्न मारत पुढे निघून चाललेत आणि जीपीएस म्हणतंय 60. यावर लोकांचा पहिला उपाय काय? डॅशबोर्ड उघडा, मीटर बाहेर काढा आणि काटा उपटून 12 मैल मागे बसवा. धन्य आहे! अरे, चूक टक्क्यांत आहे, मैलांत नाही. 60 ला 72 दाखवणारा काटा 30 ला 36 दाखवतो. त्यातून 12 वजा केले की वस्तीतल्या 30 ला तो 24 दाखवणार. म्हणजे आधी निदान उगाच हळू चालवत होता, आता पोलिसाला आपणहून पावती फाडायला बोलावताय.

मीटर उघडण्याआधी ओडोमीटर, म्हणजे चाललेले मैल मोजणारा आकडा, बघायला काय होतं? हायवेवरचे मैलाचे दगड धरून 10 मैल चालवा. ओडोमीटर 11.9 दाखवत असेल तर मीटर निर्दोष आहे, गिअरबॉक्समधून मीटरला फिरवणारी केबलच जास्त फिरतेय. ओडोमीटर बरोबर 10 आणि काटाच खोटा असेल, तरच मीटरमधलं चुंबक किंवा केसासारखी बारीक स्प्रिंग गेलीय. ओडोमीटर दात्यांवर चालतो, काटा चुंबकावर. एवढा साधा फरक, पण तो बघायचं सोडून लोक मीटर पुन्हा जुळवून घ्यायचे (रीकॅलिब्रेशन) पैसे मोजून मोकळे होतात.

खरा चोर मागे बसलाय. कुणीतरी कधीतरी 3.23 चा मागचा ॲक्सल काढून 3.91 चा टाकला (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या इतक्या फेऱ्या) आणि मीटरच्या पिनियनला, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला, हात लावला नाही. वर तीच गाडी विकताना ॲव्हरेजच्या गप्पा! ओडोमीटरच एकोणीस टक्के पुढे पळतोय, ॲव्हरेज चांगलं दिसणारच.

हिशोब पाचवीतला आहे. जमिनीवर खडूने खूण करा, मागचं चाक माणूस गाडीत बसवून एक पूर्ण फेरी ढकला, अंतर मोजा. 81.6 इंच आलं तर 63,360 भागिले 81.6, म्हणजे मैलाला 776 फेऱ्या. टायरवर छापलेल्या मापावर विसंबू नका, वजनाखाली टायर दबतो. 727 टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर 13 दाते. 13 गुणिले 3.91 गुणिले 776, भागिले 1001 (मैलाला केबलच्या एवढ्या फेऱ्या लागतात). उत्तर 39.4, म्हणजे 39 दात्यांचं पिनियन. 3.23 ला तेच उत्तर 32.6 येतं, म्हणून आत 33 चं बसलेलं सापडतं.

आता खरा संताप. 39 चं पिनियन आणतात, एक बोल्ट काढतात, जुनं ओढून नवं सारतात आणि गाडी पळवतात. पिनियन ज्यात बसतं त्या अडॅप्टरवर 26-31, 32-38, 39-45 असे दात्यांचे आकडे कोरलेत ते काय शोभेला? त्याचं भोक मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेलं आहे. तुमच्या दात्यांचा आकडा घड्याळातल्या सहाच्या जागी, म्हणजे बरोबर खाली, यायला हवा. 33 वरून 39 वर जाताना तो फिरवावाच लागतो. नाही फिरवला तर मोठं पिनियन शाफ्टच्या गिअरवर दाबून बसतं आणि प्लास्टिकचे दाते सोलले जातात. मग बोंब कुणाच्या नावाने? पार्टवाल्याच्या! अडॅप्टरच्या फ्लँजवरची (कडेवरची) माती न पुसताच बसवणारे वेगळेच. खडाभर कचऱ्यानेही पिनियन तिरकं बसतं.

आणि सील! बाहेरची ओ-रिंग बदलतात, आतलं शाफ्टवरचं छोटं सील विसरतात. मग गिअरबॉक्समधलं ऑइल केबलमधून चढत चढत मीटरमध्ये पोचतं आणि काटा चिकटतो. केबलला वरपर्यंत ग्रीस थापणाऱ्यांचंही तेच होतं. वरचे काही इंच कोरडे ठेवायचे असतात हो! काटा थरथरत असेल तर आधी केबल कुठे मुरडलीय का ते बघा.

4.88 चा ॲक्सल असेल तर हिशोब 49 दाते मागतो आणि पिनियन 45 ला संपतं. तिथे केबलच्या मध्ये रेशो बॉक्स, म्हणजे केबलच्या फेऱ्या कमी-जास्त करणारी छोटी गिअरची डबी, लावायला हरकत नाही. पण 3.91 ला, जिथे एक बोल्ट आणि एक प्लास्टिकचं पिनियन पुरतं, तिथेही रेशो बॉक्स गळ्यात मारणारे भेटतात, आणि घेणारेही.