युरोपीय संसदेच्या ठरावाने सैन्य निघत नाही

‘युरोपीय संसदेने ठराव केला, आता युरोपचं सैन्य निघणार’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. लष्करी मोहिमेचा निर्णय सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद घेते, तोही एकमताने. सैनिक पाठवायचे की नाही हे शेवटी ज्या त्या देशाच्या हाती. जर्मनीत २००५च्या कायद्यानुसार सशस्त्र तुकडी परदेशी पाठवायला बुंडेस्टॅगची, म्हणजे जर्मन संसदेची, आधी मंजुरी लागते.

मग युरोपीय संसद नुसती शोभेची? तसंही नाही. युरोपीय युनियनच्या मूळ कराराच्या कलम ३६नुसार ती प्रश्न विचारते, शिफारशी करते, वर्षातून दोनदा चर्चा घेते. नागरी मोहिमांचा पैसा युनियनच्या अंदाजपत्रकातून जातो, तिथे तिचा हात पोचतो. लष्करी मोहिमांचा खर्च मात्र त्याच कराराच्या कलम ४१नुसार त्याबाहेर.

तिचं खरं हत्यार माहितीचा हक्क. युनियनच्या नौदल मोहिमेत पकडलेले सागरी चाचे मॉरिशसच्या ताब्यात देण्याचा युनियन-मॉरिशस करार जुलै २०११मध्ये झाला. संसदेला कळवलं ऑक्टोबरात. युनियनच्या कामकाजाविषयीच्या दुसऱ्या कराराचं कलम २१८ सांगतं, ‘तात्काळ’ कळवा. युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये मॉरिशसशी करार करण्याचा परिषदेचा निर्णय रद्द केला. त्या निर्णयाचे परिणाम मात्र कायम ठेवले, नाहीतर चाच्यांवरचे खटलेच अडचणीत आले असते.