यादीतले रकाने

2017 च्या मे महिन्यात मी कामावरून काढायच्या अकरा माणसांची यादी केली होती. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होते. (नाव घेत नाही, आणि ओळखलंत तरी कमेंटमध्ये टाकू नका.) वरून एक्सेलची शीट आली. रकाने आधीच भरलेले: एम्प्लॉयी आयडी, ग्रेड, सीटीसी, मागच्या दोन वर्षांचं रेटिंग, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून, किती दिवस. शेवटचा रकाना तेवढा रिकामा. त्यात मी हो किंवा नाही लिहायचं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

सातव्या ओळीतल्या मुलाच्या बायकोच्या डोहाळजेवणाला मी तीनच आठवड्यांपूर्वी जाऊन आले होते. तिची ओटी भरली होती. हे लिहायला शीटमध्ये जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी ती शोधलीही नाही. त्याचे बेंचवरचे दिवस सत्तर होते. मी 'हो' लिहिलं.

परवा एका ग्रुपवर नेहमीचा वाद रंगला होता. अमेरिकन कंपन्या निर्दय, जपानी माणुसकीच्या, आपल्या कुठेतरी अधेमधे. तो वाचताना ही शीट आठवली. कारण पुढे मी श्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षं काढली, आणि तिथे कळलं की माणसं जर्मनही काढतात. फक्त त्यांच्या यादीचे रकाने वेगळे असतात.

तिथे धंदा बसला म्हणून माणसं कमी करायची, तर कुणाला काढायचं हे ठरवताना कायद्याने चार गोष्टी बघाव्या लागतात. नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं किती आणि गंभीर अपंगत्व आहे का. 'सोत्सिआलआउसवाल' असं त्याचं तोंडात न मावणारं नाव. यात तरुण, सडाफटिंग, नुकताच चिकटलेला माणूस आधी बाहेर जातो. त्याच्यावर हा अन्यायच आहे. पण तो उघड आहे, आधीपासून माहीत असलेला आहे, आणि तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात जाऊन त्यावर भांडता येतं. शिवाय कामगारांनी निवडून दिलेली समिती असेल, तर प्रत्येक माणूस काढण्याआधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं. ते ऐकलंच नाही तर नोटीस रद्दबातल.

आणि नोटीस कागदावर द्यावी लागते. शाईची सही करून. ईमेल चालत नाही, झूमवर सांगून भागत नाही. तिथल्या एका सहकाऱ्याने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं, काय हे जुनाट लोक! नंतर जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 माणसं कमी करायचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या अनेकांना पहाटे ऑफिसचं लॉगिन चालेना, यावरून आपली नोकरी गेल्याचं समजलं. याच कंपनीने त्याच पत्रात इतर देशांबद्दल म्हटलं होतं, की तिथल्या कायद्यांमुळे वेळ लागेल. कंपनी एक, साहेब एक. म्हणून 'अमुक कंपनीचं कल्चर फार छान' असं कुणी म्हणालं की मी हल्ली विचारते, कुठल्या देशातल्या ऑफिसचं?

एप्रिल 2020 मध्ये आमच्या प्लांटमध्ये 'कुर्त्सआरबाइट' लागलं. काम कमी असेल तर सगळ्यांचेच तास कमी करायचे आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के, सरकारी रोजगार संस्थेच्या निधीतून द्यायचे, अशी ती सोय. त्या महिन्यात देशात साधारण 60 लाख माणसं त्यावर होती. आम्हाला गुरुवार-शुक्रवार सुट्टी. माझ्या पगारपत्रकावर एक नवी ओळ आली, बस. शेजारच्या डेस्कवरच्या बाईंनी त्या दोन दिवसांत घराचं कुंपण रंगवून काढलं. वर्षाने ऑर्डरी परत आल्या तेव्हा मशीन ओळखणारी माणसं जागेवरच होती. हा पैसा आभाळातून पडत नाही, दर महिन्याला पगारातून बेकारी विमा कापतात तेव्हा पोटात दुखतंच.

स्वर्ग वगैरे समजू नका. एजन्सीमार्फत आलेली भाड्याची माणसं पहिल्या झटक्यात गेली, त्यांच्यासाठी कुंपणबिंपण काही नाही. फोक्सवागनसारख्या कंपनीनेही डिसेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत 35,000 जागा कमी करायचं ठरवलं. पण युनियनसमोर बसून, अन् सक्तीने कुणाला न काढण्याच्या अटीवर.

जपानचं थोडक्यात. निन्टेन्डोच्या इवाता साहेबांनी 2014 मध्ये धंदा पडला म्हणून स्वतःचा पगार निम्मा केला, हे व्हॉट्सॲपवर फिरणारं खरंच आहे. न फिरणारं असं, की तिथे नको झालेल्या कायम माणसाला काम न देता एका खोलीत बसवून ठेवायची रीतही होती. 'ओइदाशिबेया', हाकलायची खोली. आणि नोकरदारांतले एक तृतीयांशाहून जास्त लोक मुळात कायम नाहीतच.

आता आपलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीसाठी महिन्याची नोटीस, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, 'शेवटी आला तो आधी जाणार' हे सगळं होतं. त्याच्या जागी नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो सांगाडा आहे. कारखान्यांना सरकारी परवानगीची अट मात्र 100 ऐवजी 300 माणसांपासून. कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम करणाराही बसतो. मग माझ्या अकरा जणांना यातलं काय मिळालं? काहीच नाही, कारण कागदोपत्री त्यांना कुणी काढलंच नव्हतं. एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आत्ता राजीनामा टाइप कर, नाहीतर रिलीव्हिंग लेटरवर, म्हणजे पुढची कंपनी मागते त्या नोकरी सोडल्याच्या पत्रावर, काय येईल सांगता येत नाही. अकराच्या अकरा जणांनी 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं. 2025 मध्ये टीसीएसने 12,000 हून जास्त जागा कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यात आयटीतली थोडी माणसं फलक घेऊन उभी राहिली. त्या फोटोखाली आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी काय काय लिहिलं ते वाचलंय मी. 'युनियनबाजी', 'स्किल वाढवा', 'आम्ही प्रोफेशनल्स आहोत'. कर्जाचा हप्ता 25 तारखेला जाणार म्हणून धास्तावलेला माणूस स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो, याचं मला आता हसू येत नाही. मीही लाजायचेच.

आमचे बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात 31 वर्षं टर्नर होते. सेकंड शिफ्टच्या माणसाला सस्पेंड केलं तर फर्स्ट शिफ्ट घरी न जाता गेटवर थांबायची, हे मी लहानपणी पाहिलंय. आई डबा झाकून ठेवायची. त्या शुक्रवारी मी घरी उशिरा पोचले, ताटावर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "गेटवर कोण कोण होतं गं?"

मी म्हटलं, "कुणीच नाही, बाबा. सगळे कॉलवर होते."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आईला म्हणाले, "हिला आमटी वाढ."