पूलवर जायचंय ना, मग तिथे गॅस पेटवायचाच नाही

मे महिना लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर कर्जतचा विषय निघतो. भाऊ पुण्याला, आम्ही डोंबिवलीला, त्यामुळे कर्जत दोघांना मध्ये पडतं. नेरळ-कर्जत पट्ट्यात आता पूलवाले बंगले गल्लोगल्ली झालेत, एक दिवस एक रात्र घ्यायचा, पोरं सकाळपासून पाण्यात, बास. यंदा आम्ही बावीस जण आहोत, त्यात आठ पोरं. आणि दरवर्षीप्रमाणे परवा पहिला मेसेज आला, जेवणाचं काय करायचं? दुसरा लगेच, तिथे किचन आहे ना, मग गरम गरम पुऱ्या-बटाटा भाजी करू, श्रीखंड विकत आणू. मी तिथेच लिहिलं की गरम पुऱ्या नकोत, आणि का नकोत ते जरा नीट सांगावंसं वाटलं म्हणून ही पोस्ट, लांब होणारे.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका बंगल्यावर आम्ही दुपारी पुऱ्या तळत होतो. मी, वहिनी आणि नणंद किचनमध्ये, एक लाटतेय एक तळतेय एक वाढतेय, बाहेर चाळीस डिग्री आणि आत कढई. पुरुष मंडळी हॉलमध्ये पानं घेतायत, पोरांना हाका मारून मारून बाहेर काढलेलं, सगळ्यांना वाटलं सगळी पोरं आत आली. माझा पाच वर्षांचा भाचा बॉल आणायला परत गेला. आई तेवढी बाहेर पडवीत बसली होती, तिला उन्हातून उठवत नाही म्हणून तिचं ताट तिथेच द्यायचं ठरलं होतं. तिने बघितलं की पोरगा पायरीवरून घसरला आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलंय. आवाज नाही काही नाही, तो ओरडलासुद्धा नाही. आई नऊवारीसकट दोन पायऱ्या उतरली आणि दंडाला धरून त्याला वर घेतलं. आम्हाला कळलं तेव्हा ती ओल्या लुगड्यात त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि आत शेवटचा घाणा कढईत होता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. पूलच्या दिवशीचा मेनू ठरवताना चव, हौस, कोणाला काय आवडतं हे सगळं नंतर. आधी एकच बघायचं, हा पदार्थ केल्यामुळे किती मोठी माणसं पाण्यापासून लांब जाणार आहेत? या बंगल्यांवर बहुतेक ठिकाणी लाइफगार्ड नसतो, आपणच लाइफगार्ड. आणि जेवणाची वेळ ही सगळ्यात धोक्याची, कारण तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. आता आमच्याकडे पद्धत अशी की जेवताना सगळेच बाहेर, पोरं मोजायची, आणि बाकी दिवसभर वीस वीस मिनिटांची पाळी, ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाईल नाही आणि ग्लासही नाही. पिणाऱ्यांनी त्या दिवशी पोरं झोपल्यावर काय ते बघावं, यावर मी कोणाचं ऐकत नाही.

आणि दुसरी गोष्ट जी मला तितकीच लागते. आमच्या वहिनीला पोहायला भयंकर आवडतं, शाळेत स्पर्धेत पोहायची ती. पण मी आमचे जुने फोटो काढून बघितले तर पाण्यात ती एकाही फोटोत नाही. कॉश्च्युम आणलेला असायचा बॅगेत, दरवेळी. तुम्ही व्हा पुढे, एवढं आवरते नि आले, असं म्हणायची, आणि आवरेपर्यंत सहा वाजायचे. पूलचं भाडं भरायचं, आणि घरातल्या निम्म्या बायकांनी ते पाणी खिडकीतून बघायचं, हे मला आता बघवत नाही.

खरं तर आपल्याकडे पोहण्याच्या दिवसाचं जेवण पूर्वी अगदी सोपंच होतं. आईचं माहेर कराडकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलायचे, ती तशीच शिकली. ती सांगते की पोहून वर आलं की इतकी भूक लागायची की घरी जायचा धीर नसायचा, मग विहिरीच्या काठावर फडक्यातली सकाळची भाकरी, ठेचा, हाताने फोडलेला कांदा, आणि झाडाची कैरी मीठ लावून. कोणी चूल पेटवत नव्हतं तिथे. आपण मात्र पूलला पार्टी म्हणायला लागलो आणि पंगत घालायला लागलो.

तर आता गेली दोन वर्षं आम्ही काय करतो ते सांगते.

पोरं पाण्यातून दर अर्ध्या तासाने बाहेर येतात आणि तेव्हा त्यांना ताट नको असतं, ओल्या हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं. याला तिखटमिठाच्या पुरीसारखं काही नाही. आदल्या रात्री घरी करायच्या, जरा कडक मोहन घालून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात, दोन दिवस काही होत नाही. बावीस जणांना मी दीडशे करते आणि एकही परत येत नाही. दशम्यापण छान, पीठ दुधात भिजवलेलं असल्यामुळे मऊ राहतात, आईसारख्या दातांचा त्रास असणाऱ्यांना बऱ्या पडतात. भडंग मी गुरुवारीच करून ठेवते, एक किलो चुरमुरे, लसूण सढळ, शेंगदाणे, कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळून. फक्त मोठ्या परातीत ठेवायचं नाही, ओले हात गेले की दहा मिनिटांत सगळं मऊ पडतं. कागदाचे कोन करून भरून ठेवायचे, पोरं सरळ तोंडात ओततात. पाकिटातल्या चिप्सचं तेच होतं, एकाने ओला हात घातला की संपलं.

कोथिंबीर वडी सकाळी निघायच्या आधी घरीच शॅलो फ्राय करून न्यायची, उकडून आदल्या दिवशीच ठेवलेली असते. आंब्याची डाळ हवीच, चैत्रातली हौस मेपर्यंत चालते आमच्याकडे, पण एक सांगते, वाटलेली कच्ची डाळ उन्हात फार लवकर आंबते. ती बर्फाच्या डब्यात न्यायची आणि पोचल्या पोचल्या, अकराच्या आत संपवायची. दुपारी उरली तर टाकून द्यावी, जीव अडकवू नये.

मुख्य जेवण म्हणजे दहीभात. हसू नका, ऐका. सव्वा किलो तांदळाचा भात आसट शिजवायचा, गरम असतानाच घोटायचा, कोमट झाला की भरपूर दूध आणि फक्त तीन-चार चमचे दही. दह्यातच कालवून नेला तर दुपारपर्यंत आंबट ढाण होतो. दुधात कालवला की प्रवासात हळूहळू विरजतो आणि दीड वाजता डबा उघडला की अगदी जेमतेम लागलेल्या दह्यासारखा गोड असतो. वरून हिंग-मिरचीची फोडणी घरूनच छोट्या बाटलीत, मीठ तिथे घालायचं. सांडगी मिरची तळून हवाबंद डब्यात, डाळिंबाचे दाणे, काकडी, लोणचं. उन्हातून आणि पाण्यातून आलेल्या माणसाला याच्यापेक्षा काय हवं असतं? पहिल्या वर्षी भावाने तोंड वाकडं केलं होतं की पार्टीला दहीभात काय, आणि त्यानेच तीनदा घेतला.

मेयोनीजचे सँडविच मात्र मी बंद केलेत. एकदा बाहेरून बॉक्स मागवले होते, गाडीत आणि मग टेबलावर पडून राहिले, संध्याकाळी दोन पोरांना उलट्या. शिजवलेलं, ओलसर अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये हा साधा नियम आहे आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. कर्जतला मेमध्ये ३२ डिग्री सकाळी नऊलाच होत असेल! त्यामुळे सँडविच हवंच असेल तर पुदिना-कोथिंबिरीची चटणी, दोन्ही स्लाइसना बटर म्हणजे ब्रेड भिजत नाही, आत काकडी, टोमॅटो नाही. ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून थंड डब्यात.

बर्फाबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. रस्त्यावर गोणपाटात गुंडाळून मिळते ती लादी सरबतात फोडून टाकू नका. फॅक्टरीतला बराचसा बर्फ मासे, औषधं वगैरे थंड ठेवायला केलेला असतो, तो खायचा नसतोच. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आणला. पण रंग दिसला नाही म्हणजे तो चांगल्या पाण्याचा आहे असं मी तरी धरत नाही. आम्ही दोन दिवस आधीपासून एक लिटरच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये टाकतो, शेजारच्या काकूंच्या फ्रीझरमध्येपण. त्याच डबा थंड ठेवतात आणि वितळल्या की तेच प्यायचं पाणी. आणि थंड डबे दोन हवेत, एक पिण्याचा जो दिवसभर उघडझाप होतो आणि एक खाण्याचा जो मोजून दोनदा उघडायचा. एकच डबा असला की पोरं सरबतासाठी शंभरदा उघडतात आणि दहीभात गरम होतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं.

पन्ह्याचा नुसता घट्ट गर न्यायचा, कैरी उकडून, एक वाटी गराला दोन वाट्या गूळ, वेलची, मीठ. तिथे थंड पाणी ओतलं की झालं. कोकमाचंपण तसंच. पाण्यात असलं की तहान कळत नाही, पण ऊन लागतंच, त्यामुळे दर तासाला शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढून एक एक पेला पाजायचा, मोठ्यांनासुद्धा. पेले स्टीलचे. काच पूलपाशी अजिबात नको, पाण्यात पडलेली काच दिसतच नाही आणि सगळे अनवाणी असतात. थर्माकोलच्या प्लेट्स २०१८ पासून बंदच आहेत आपल्याकडे, सुपारीच्या पानांच्या घेतो आम्ही, दहीभात ठेवला तरी गळत नाहीत.

फळं मात्र घरून ओझं वाहून नेऊ नका. चौक-कर्जत रस्त्याला, नेरळला, ठाकूर-कातकरी बायका करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या असतात पानाच्या द्रोणात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका, डोंगरात सकाळी काट्यातून फिरून आणलेली असतात ती. ताडगोळे दिसले तर तेही, पण सोलायचे खायच्या वेळीच. कलिंगड तिथेच कापायचं, कापून ठेवलं की माशा आणि मधमाश्या पूलपर्यंत येतात. आणि हापूस! मेच्या मध्यापर्यंत रत्नागिरी-देवगडचा ओसरायला लागतो तेव्हा रायगडचा आंबा आलेला असतो, भावही जरा उतरलेले असतात. चार डझन बादलीत पाण्यात टाकायचे, पोरांना पूलच्या कडेला ओळीने बसवायचं आणि चोखून खायला द्यायचे, मग हात तोंड धुऊन, सगळ्यांनी शॉवरखाली उभं राहून, मगच पाण्यात. आंब्याच्या हातांनी पूलमध्ये नाही, दुसरेही पोहणारेत त्यात.

चिकनवाले विचारतीलच. तर चिकन संध्याकाळी, पूल बंद झाल्यावर. मसाला लावून फ्रीज करून आणायचं, वेगळ्या डब्यात, फळांच्या आसपाससुद्धा नाही, आणि सहा वाजता शेगडी पेटवायची. ते काम भाऊ करतो, एकटा, मीठ-मसाला विचारायला किचनमध्ये येत नाही. पोरं दमून भागून शेगडीभोवती बसलेली असतात तेव्हा कोणी पाण्याजवळ नसतं, त्यामुळे मलाही ते निवांत खाता येतं.

गेल्या वर्षी सगळं असंच केलं. साडेअकराला मी बघितलं तर वहिनी खोल बाजूने या टोकाचं त्या टोकाला जात होती, एकटीच, सलग, कोणाशी न बोलता. तिची मुलगी कडेला बसून मोजत होती. बावीसपर्यंत मी ऐकलं, मग माझी पाळी संपली.

आईने काल फोनवर विचारलं पाणी किती खोल आहे. मी म्हटलं या बाजूला साडेतीन फूट. तिने सुती सलवार-कमीज शिवायला टाकलाय, मापाला उद्या जायचंय. बंगलेवाल्याला मी आज मेसेज करून विचारलंय की सुती कपड्यात चालेल का, बऱ्याच ठिकाणी नायलॉनच लागतं म्हणून. नाही म्हणाला तर तिच्या मापाचा लांब बाह्यांचा नायलॉनचा बघावा लागेल, डोंबिवलीत कुठे मिळतो कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, वय बहात्तर, अंगाने बारीक आहे.