'तुम्ही डॉक्टर आहात का?' या प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक साहेब, 'दाढ ठणकली की गोळी गिळू नका' या माझ्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत की तुम्ही डॉक्टर आहात का, अर्धवट माहितीवर लोकांची औषधं बंद करताय, माझी सूज तर अ‍ॅमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकनं ३ दिवसांत गेली. वर अ‍ॅलर्जी आणि कोर्स पूर्ण करण्याबद्दलही ऐकवलंत.

डॉक्टर नाही ओ मी. तसं लिहिलंय कुठं? पण विचारायची एक पद्धत असते, नाव लपवून कुणाचीही अक्कल काढायला काय लागतं. हां, टायटल जरा भडक होतं, ते मान्य.

आता तुमची सूज. अशोक चौकाकडं वडिलांचं मेडिकल होतं, शाळेपासून मी त्या काउंटरमागं बसलोय. विड्या वळणाऱ्या बायका, कारखान्यातली माणसं गाल धरून यायची, 'दाढंची गोळी द्या, दोन टायमाची', की वडील कात्रीनं पट्टी कापून पुडीत घालायचे, खोटं कशाला बोलू, चिठ्ठी कोण विचारतंय तेव्हा. ठणका उतरायचा. काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक, तीच दाढ. कारण आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठाच बंद, आणि गोळी जाते रक्तातनं, मग आत पोचणार कशी? बाहेरचं इन्फेक्शन दबतं, सूज बसते, पण दुखण्याचं मूळ आतच राहतं. पू काढावा लागतो, रूट कॅनाल नाहीतर दाढच काढायची. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये हेच सांगितलं, दातावर लगेच उपचार होणार असतील तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक नको. त्यांनापण विचारा, डॉक्टर आहात का म्हणून.

आणि 'औषधं बंद करा' असं मी कुठं म्हटलंय ते दाखवाच. ताप आला, सूज गळ्याकडं उतरायला लागली, तोंड उघडेना, तर अँटिबायोटिक लागतंच, आणि गिळायला नाहीतर श्वासाला त्रास झाला तर रात्रीचे दोन वाजू देत, हॉस्पिटल गाठायचं, हे बोल्डमध्ये होतं. तुम्ही टायटल वाचून थेट कमेंट बॉक्सात उतरलात बहुतेक.

अ‍ॅलर्जी, कोर्स वगैरे डॉक्टर सांगतातच, त्यात काय एवढं.

सूज गेली म्हणता, पण दाढ उघडली का, एक्स-रे काढला का, त्यावर एक अक्षर नाही. काढला असेल तर लिहा, आणि नाव टाकून लिहा.