पऱ्हाटीतून थेट पर्मियनकडे

सोयाबीनचे चुकारे खात्यात पडले की पहिलं काम काय कराल? कृषी केंद्राची उधारी चुकती करणार असाल, तर तुमच्यात गुंतवणूकदाराचा अंशही नाही. उधारी कुठे पळून जात नाही. दर जूनला ती स्वतःच्या पायांनी घरी येते. शहाणा माणूस आधी मोबाइलवर डीमॅट खातं उघडतो आणि तेलकंपनीचे शेअर घेतो. तेलाचेच का, असं विचारू नका. सॉफ्टवेअर आपल्याला कळत नाही आणि बँक फारच चांगली कळते. तेल मात्र रोज ट्रॅक्टरच्या टाकीत ओततो, म्हणजे त्या धंद्यातलं आपल्याला सगळं कळतं.

अभ्यासासाठी लांब जायची गरज नाही, फाट्यावरचा पानठेला पुरेसा आहे. बाजार सव्वानऊला उघडतो, तुम्ही नऊला पोचा. ठेलेवाला पन्नीवर खर्रा घोटत असेल, बाकावर रिटायर गुरुजी असतील आणि मोटरसायकलला टेकून कृषी केंद्रवाले भाऊ. गुरुजी तेजीवाले, भाऊ मंदीवाले. दोघांचंही ऐका, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या सल्ल्याने शेअर घ्या.

गुरुजींचा सिद्धांत एका वाक्याचा आहे: पडलेला भाव चढतो. हा सिद्धांत त्यांनी २०१४ साली सिद्ध करायला घेतला, अजून चालूच आहे. त्या वर्षी जूनमध्ये ब्रेंट तेल, म्हणजे ज्यावरून जगभर भाव ठरतो ते, ११५ डॉलर पिंपाच्या आसपास होतं. दिवाळीपर्यंत ते ९० च्या खाली आलं, म्हणून गुरुजींनी जमिनीतून तेल काढणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. २७ नोव्हेंबरला व्हिएन्नात ओपेकची, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेची, बैठक होती. "सौदी कटौती करते म्हणजे करतेच, पाहा तुम्ही!" असं ते ठेल्यावर सांगत होते. सौदीचे तेलमंत्री अली अल-नैमी यांनी गुरुजींना न विचारता उत्पादन होतं तिथेच ठेवलं आणि भाव आणखी घसरला. गुरुजींनी आणखी शेअर घेतले. जानेवारी २०१६ मध्ये तेल ३० डॉलरच्याही खाली गेलं, तेव्हा त्यांनी जीपीएफच्या उरलेल्या पैशातून शेवटचा हप्ता टाकला. याला ॲव्हरेज करणं म्हणतात. हा शब्द पाठ करा. बोंडअळी लागलेल्या पऱ्हाटीवर पाचवी फवारणी मारणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता शेल, म्हणजे दगडात अडकलेलं तेल. ठेल्यावर इभ्रत हवी असेल तर हा शब्द बोलण्यात आलाच पाहिजे. तुम्हाला आपल्या कोरडवाहू शेतातली बोअर माहीत आहे: सरळ खाली जायचं, पाणी लागलं तर लागलं. टेक्सासमधल्या पर्मियनमध्ये किंवा नॉर्थ डकोटातल्या बाकनमध्ये बोअर आधी खाली जाते, मग आडवी वळते आणि दगडातून लांबवर सरकते. मग पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून दगडाला भेगा पाडतात आणि तेल पाझरतं. अशा विहिरीचं तेल पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं. म्हणून सारखी नवी विहीर खणावी लागते आणि सारखं नवं कर्ज काढावं लागतं. शेवटचं वाक्य ऐकताच ठेल्यावरच्या प्रत्येकाने मान डोलावली. शेलवाला आपल्याच बिरादरीचा निघाला.

यावरून गुरुजींनी हिशेब मांडला: सौदीचं तेल स्वस्तात निघतं, शेलचं महागात. भाव पडला की शेलवाले बुडणार, तेल कमी होणार, भाव चढणार, आपण सुटणार. हिशेबात खोट नव्हती. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये तेलाच्या १,६०९ रिग, म्हणजे विहीर खणायची यंत्रं, चालू होत्या. मे २०१६ मध्ये ३१६ उरल्या. कंपन्या दिवाळखोरीतही निघाल्या. गुरुजींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

आणि भाऊ फक्त एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुमी कधी कुंदा खुरपला काय?"

ज्याने हे चिवट तण खुरपलं आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. रिग पाचातली एक राहिली, पण तेल त्या मानाने फार घटलं नाही. उरलेल्यांनी चांगल्या जागा निवडल्या, आडव्या बोअर आणखी लांब नेल्या, खर्च उतरवला. भाव जरा वर येताच बांधावरून पुन्हा कोंब फुटले. २०१८ साली अमेरिका सौदी आणि रशिया या दोघांनाही मागे टाकून कच्च्या तेलात पहिल्या नंबरवर गेली. तुम्ही मात्र निराश होऊ नका. दर सहा महिन्यांनी "शेल संपलं" असं कोणी ना कोणी म्हणतंच. त्याच्याकडूनच सल्ला घ्या.

(या शेलमध्ये आपल्या जेवणातलंही काही आहे. बोअरमध्ये सोडायचं पाणी घट्ट व्हावं, त्यातली वाळू खाली बसू नये, म्हणून गवारीच्या वाळल्या बियांचा गम घालतात. राजस्थानातून तो अमेरिकेला जातो. २०१२ मध्ये गवारीचा भाव एवढा भडकला की मार्चमध्ये वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवतात तिथे, तिचे सौदेच बंद करावे लागले. आई ओसरीवर बसून गवारीच्या शेंगांचे दोरे काढत होती, तिला हे सगळं सांगितलं. तिने एक शेंग मोडून पाहिली आणि म्हणाली, "थे जून होऊ देतात, म्हनून त्याहिले पैसे भेटते.")

भाऊंचा पक्ष वेगळा. त्यांचं म्हणणं, विहीरवाली कंपनी घ्यायचीच नाही, पंपवाली घ्यायची. तेल पडलं की विहीरवाल्याचं उत्पन्न पडतं, पंपवाल्याला मात्र माल स्वस्त मिळतो. भाऊ हुशार आहेत. पण दोन्ही कंपन्यांच्या बांधावर एक तिसरा भागीदार बसलेला असतो, त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. भाव चढे होते तेव्हा सरकारी विहीरवाल्यांना डिझेल-केरोसिन-गॅसच्या तोट्यातला वाटा उचलून पंपवाल्यांना सूट द्यावी लागायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं आणि वाटलं, आता पेरणी स्वस्त. पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला, डिझेलवर लिटरमागे एकूण १३ रुपये ४७ पैसे. पुढे रशिया-युक्रेन युद्धाने तेल चढलं, विहीरवाल्यांचे दिवस आले, तर १ जुलै २०२२ पासून देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये जादा कर बसला. भाव पडो की चढो, रास झाली की बलुतं मागायला कोणी तरी खळ्यावर हजर असतंच. याचा राग धरू नका. अडत, हमाली, तोलाई देत आलेला माणूस आपण, आणखी एक कपात आपल्याला काय जड?

वायद्यातही हात घालायचा असेल तर माझ्या भाच्याला गुरू करा. शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सांगून ठेवलं आहे की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ साध्या माणसांनी पैसे घालवले. भाचा म्हणतो, उरलेल्या सातांत तो आहे. त्याची मोटरसायकल सध्या त्याच्या साळ्याकडे असते.

२० एप्रिल २०२० मात्र विसरू नका. त्या दिवशी अमेरिकेतल्या तेलाचा मे महिन्याचा वायदा शून्याच्या खाली ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या, माल ठेवायला जागा नव्हती, म्हणून विकणारा वर पैसे देत होता. आपल्या एमसीएक्स या वायदेबाजारात त्या सौद्याचा हिशेब उणे २,८८४ रुपयांनी झाला. गुरुजींना ते पटेना. "उणे भाव कसा असन?"

मला लगेच पटलं, कारण त्याच आठवड्यात आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकेपर्यंत कापूस होता. लॉकडाऊनमध्ये खरेदी अडकली होती. कापसातले किडे घरभर झाले, पोरांच्या अंगाला खाज सुटली, बायकोने बाज उचलून अंगणात टाकली आणि म्हणाली, "भाव वाढन म्हनता, पन झोपाव कुठी?" शेवटी खेडा खरेदीवाल्याची गाडी आली आणि त्याने सांगितला त्या भावात कापूस भरून दिला. तो गाडीचं भाडं मागत नव्हता, तेव्हा आपला भाव शून्याच्या वर राहिला, असं मी मनाशी धरलं.

शेअर कापसापेक्षा चांगला तो इथे. तो खोली अडवत नाही, त्यात किडे होत नाहीत, खाज सुटत नाही, बायको बाज बाहेर टाकत नाही. कितीही वर्षं ठेवा, विका म्हणून कोणी मागे लागत नाही. माझेही दोनशे आहेत. गुरुजींच्या शब्दावर घेतले, भाऊंच्या शब्दावर विकणार होतो, तेवढ्यात भाऊंनीच घेतले.

परवा वखरणीआधी कॅन घेऊन पंपावर गेलो. पोराने नोझल कॅनमध्ये घातलं आणि मशीनचे आकडे पळायला लागले. सवयीने मी देवाचं नाव घेतलं, भाव उतरू दे. मग खिशातला मोबाइल आठवला आणि घाईघाईने म्हटलं, नको, चढू दे.

"कितीचं टाकू, काका?" पोराने विचारलं.

"थांब बे जरा," मी म्हटलं.