कमरेचा पट्टा मापानं शिवून मिळतो

आज संध्याकाळी औषधाच्या दुकानात जे पाहिलं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

माझ्यापुढे साठी उलटलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी पिशवीतून कमरदुखीवर बांधायचा पट्टा काढून काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, "हा बसल्यावर वर सरकतो, बरगडीत टोचतो. बदलून देता का?" काउंटरवरच्या मुलानं पट्टा हातातसुद्धा घेतला नाही. "पाकीट फोडलंय आज्जी, परत नाही होत. आणि हा सगळ्यांनाच बसतो. चार दिवस घाला, सवय होईल."

मावशी भांडल्या नाहीत. पट्ट्याची नीट घडी केली, पिशवीत ठेवली, आणि वर म्हणाल्या, "माझंच पोट सुटलंय, त्याला तो तरी काय करणार." त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. अजून ताळ्यावर आलेलं नाही.

अंगाला लावलेली वस्तू परत घेता येत नाही, हे कळतं मला. पण मग घेण्याआधी घालून बघू द्या ना! कुठल्या औषधाच्या दुकानात बाईला दोन मिनिटं आडोशाला उभं राहून पट्टा लावून बघता येतो? चपलेचा जोडसुद्धा आपण चार पावलं चालून बघतो. आणि जी वस्तू दिवसातले कित्येक तास कमरेला आवळून वागवायची, ती बंद पाकिटात घ्यायची.

पट्ट्याच्या खोक्यावर एक तक्ता छापलेला असतो. कमर इतक्यापासून इतक्या सेंटिमीटरपर्यंत म्हणजे एम, त्यापुढे एल, त्यापुढे एक्सएल. झालं माप. उंची कुणी विचारत नाही. बसून काम करता की उभ्यानं, ते विचारत नाही. अंगावर साडी असते की पँट, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. मागची बाजू आठ-नऊ इंच उंच, आत ताठ पट्ट्या, बाजूला इलॅस्टिक, पुढे वेलक्रो. उंचापुऱ्या माणसाच्या बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये हे सगळं आरामात मावतं. माझी आई चार फूट दहा इंच. तिच्या शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत माझी चार बोटं जेमतेम बसतात. ती बसली की मांडी पट्ट्याला वर ढकलते आणि पट्टा बरगडीत घुसतो. यात तिच्या पोटाचा काय दोष?

त्यात आई नऊवारी नेसते. मागे काष्टा खोचलेला. पट्ट्याचा ताठ भाग जिथे येतो, बरोब्बर तिथेच काष्ट्याचा गोळा. वरून पट्टा आवळला की तो गोळा थेट मणक्यावर दाबतो. यावर "आतून बांधा" असं सांगणारे शहाणे मला भरपूर भेटले. आतून बांधला तर दुपारी घटकाभर आडवं व्हायचं म्हटलं तरी अख्खं लुगडं सोडावं लागतं. सत्तरी पार केलेल्या, बोटांचे सांधे धरलेल्या बाईनं हे दिवसातून किती वेळा करायचं? शेवटी आईनं तो पट्टा कपाटात टाकला आणि मला म्हणाली, "पट्टा न्हाई गं ह्यो, फास हाय. कंबार दुखलेली परवडली."

मग एल झाला, एक्सएल झाला, स्टीलच्या पट्ट्यांचा महागातला झाला. सगळे कपाटात.

आणि मग पुण्यात रविवार पेठेतले काका भेटले. एका बोळात त्यांची जागा आहे, एक मशीन आणि एक स्टूल मावेल एवढी. बॅगांच्या चेन बदलणं, दप्तरांना पट्टे लावणं हे त्यांचं काम. मी बॅग घेऊन गेले होते, आई सोबत होती, बाहेर पडायचं म्हणून कपाटातलाच एक पट्टा बांधून. ती शटरला टेकून उभी राहिली आणि वेलक्रो सोडून जरा श्वास घेतला. तो आवाज ऐकून काकांनी मान वर केली. "आजी, बघू तो पट्टा." उलटसुलट करून पाहिला, इलॅस्टिक ओढून पाहिलं, आणि म्हणाले, "हा तुमच्यासाठी शिवलेलाच नाही."

इतके दिवस एवढं साधं वाक्य कुणी आईला म्हटलं नव्हतं. प्रत्येकानं तिलाच सांगितलं होतं की तू नीट बांधत नाहीस, घट्ट बांधत नाहीस, सवय करत नाहीस.

काकांनी तिला स्टुलावर बसवलं. टेपचं टोक माझ्या हातात दिलं, "तुम्ही धरा ताई, मी आकडा वाचतो." एक माप उभ्यानं, एक बसून. दोन्हींत दोन इंचांहून जास्त फरक! मग म्हणाले, "आजी, खाली पडलेली किल्ली उचलल्यासारखं करा बघू." आई वाकली. जिथे पोट दुमडलं तिथे त्यांनी मला लुगड्यावर खडूची खूण करायला लावली. काष्टा कुठून कुठपर्यंत येतो, तेही मोजलं. पाच मिनिटांचं काम. जी मंडळी पट्ट्यांचे कारखाने चालवतात त्यांच्यातल्या एकालाही हे सुचू नये? एकही नऊवारीतली बाई त्यांनी समोर बसवून मोजली नसेल? मला याचा खरंच संताप येतो. लुगडं नेसून आयुष्यभर वाकून भात लावलेल्या, धुणी धुतलेल्या बायकांच्याच कमरा तर गेल्यात या राज्यात. गिऱ्हाईक त्याच, आणि माप मात्र त्यांचं नाही.

आता इलॅस्टिकचं सांगते, कारण मलाही हे काकांकडेच कळलं आणि पट्टा सुखाचा की त्रासाचा ते निम्मं तिथेच ठरतं. इलॅस्टिक दिसायला सगळं सारखं, पण एक असतं वेणीसारखं गुंफलेलं. ते ओढलं की अरुंद होतं आणि कडेनं कातडीत रुततं. परकराला, पायजम्याला ठीक. कमरेच्या आधाराला ते नको. दुसरं मागावर विणलेलं. ते ओढलं तरी रुंदी तेवढीच राहते, म्हणून दाब सगळीकडे सारखा येतो. आपल्याला हे हवं. तिसरं असतं मऊ, स्वेटरसारख्या विणीचं. अंगाला छान लागतं, पण जोर कमी. दुकानात उभ्या उभ्या वीतभर तुकडा दुप्पट ओढायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. पुन्हा वीतभरच झाला पाहिजे. बोटभर जरी लांब राहिला तर घेऊ नका, महिन्याभरात सैल पडेल. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू द्या.

बाजूला एकच रुंद पट्टी लावली तर माणूस बसल्यावर ती मधोमध दुमडते आणि तिची सुरळी होते. काकांनी तीन-तीन इंचांच्या दोन पट्ट्या सुट्या ठेवल्या. आई बसली की खालची कमरेसोबत जाते, वरची पोटासोबत. मागच्या ताठ पट्ट्या त्यांनी काष्ट्याला मधे जागा सोडून दोन बाजूंना बसवल्या. मागची उंची कमी केली, पुढची त्याहून कमी. पुढे नायलॉनची नवार, टोकं मेणबत्तीवर डागून घेतलेली म्हणजे धागे सुटत नाहीत. वेलक्रोची खरखरीत बाजू अशी लावली की लुगड्याचे धागे ओढले जाणार नाहीत. आणि टोकाला अंगठा अडकवायला एक फासा! आईच्या बोटांना चिमटीत धरून ओढता येत नाही, हे त्यांनी ती पैसे मोजत होती तेव्हा पाहिलं होतं. आतून अस्तर मऊ सुती, आईच्याच एका जुन्या लुगड्याचं, ते मी नेऊन दिलं.

हे सगळं स्टीलवाल्या पट्ट्याच्या निम्म्या पैशांत. पैशांचं जाऊ द्या. आई आता बांधून बसते. भजनाला मांडी घालून बसते आणि मधेच उठून जात नाही.

"जरा घट्ट झालं तर काय बिघडतं" म्हणणाऱ्यांनाही सांगायचंय. वर्ध्याच्या मेडिकल कॉलेजातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन बायकांची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधून, घासून जखम झाली, ती भरली नाही, आणि तिथे त्वचेचा कॅन्सर झाला. एक परकराची नाडी आवळून बांधणारी, दुसरी लुगडं घट्ट नेसणारी. हे नवंही नाही. आपले कॅन्सर-संशोधक डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशाच कॅन्सरवर लिहून ठेवलंय. असं क्वचितच होतं, मान्य. पण नाडीच्या गाठीवर पट्टा आवळून "सवय होईल" म्हणणाऱ्याला मला हेच विचारायचंय, की काळा पडलेला, खाज सुटलेला तो कमरेचा वळ तू कधी पाहिलायस का? नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, गाठ रोज जागा बदलून मारा, आणि आईच्या, सासूच्या कमरेकडे एकदा डोळ्यांनी बघा. त्या आपण होऊन दाखवणार नाहीत.

माझी फिजिओथेरपिस्ट मैत्रीण हे वाचून मेसेज करणारच, म्हणून आधीच लिहिते. पट्टा म्हणजे उपचार नव्हे, दिवसभर बांधायचा नाही, व्यायामाला पर्याय नाही. बरोबर आहे तिचं. मणका मोडलाय, ऑपरेशन झालंय, पायात जोर नाही किंवा मुंग्या येतात, तिथे बॅगवाल्या काकांचं काम नाही, तिथे डॉक्टर आणि ऑर्थोटिस्टच, म्हणजे शरीराला आधार देणारी साधनं बनवणारे तज्ज्ञ. काका स्वतःच आधी चिठ्ठी मागतात.

पण ऑर्थोटिस्ट काय करतात? मापच घेतात! पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवणारं केंद्र, १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, जखमी सैनिकांसाठी सुरू झालं. मुंबईत हाजी अलीला अशीच मोठी सरकारी संस्था आहे, तिथेही आधाराचे पट्टे आणि साधनं माणूस मोजून बनवतात. म्हणजे शरीर मोजून साधन बनवायचं ज्ञान आपल्याच गावात ऐंशी वर्षं नांदतंय. ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत का पोहोचत नाही? पोहोचलं असतं तर आजच्या त्या मावशींना स्वतःच्या पोटाची लाज वाटली नसती. लिहिताना पुन्हा राग येतोय.

असो. ज्यांना करून घ्यायचाय त्यांच्यासाठी.

थेट कारखान्यात फोन लावू नका. हव्या त्या रुंदीचं किंवा रंगाचं इलॅस्टिक विणून मागितलं की ते शेकड्यांनी मीटरची ऑर्डर मागतात, घरच्या दोन पट्ट्यांसाठी कुणी बोलतही नाही. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरच्या बाजूला शिवणसामानाच्या दुकानांत मीटरवर सुटं मिळतं. रुंदी इंचात सांगा आणि विणलेलंच मागा. कुणाला रबराची ॲलर्जी असेल तर ते आधी बोला, कारण बऱ्याच इलॅस्टिकच्या आत रबराचाच धागा असतो. शिवणाऱ्याला सांगा की इलॅस्टिकवर टिपांवर टिपा मारू नको. सुई रबराच्या धाग्यातून गेली की धागा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. टोकाला मजबूत झिगझॅग, बास.

आणि तेल. आपल्याकडच्या बायका कमरेला तेल चोळणार आणि वर लगेच पट्टा बांधणार, ठरलेलं. तेलानं रबर चिकट होतं, मग ढिलं पडतं. माझ्या आईचंही हेच होतं. आता रात्री तेल, सकाळी गरम पाण्यानं अंघोळ, मग पट्टा. धुताना साधं पाणी आणि साबण, पिळायचा नाही, ब्लीच नाही, इस्त्री तर अजिबात नाही, आणि उन्हात तारेवर न टांगता सावलीत आडवा पसरायचा. अस्तर घामानं ओलं होतं म्हणून दोन पट्टे शिवून घेतले तर बरं.

माणूस सोबत न्या. मापं लिहून पाठवू नका, जुना पट्टा नमुना म्हणून देऊ नका. ज्यानं त्रास दिला त्याचीच नक्कल का करायची? रोजचे कपडे अंगावर असू देत, नऊवारी तर नऊवारी. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पेठेत सकाळी लवकर जा, नंतर गर्दीत म्हाताऱ्या माणसाला उभं राहायलाही जागा नसते. काकांचा नंबर इथे टाकत नाही, ते फोनवर काम घेत नाहीत, पण बोळ कुठला ते मेसेज केलात तर सांगते. बाकी गावांतल्यांनी आपल्याकडचा बॅगा दुरुस्त करणारा नाहीतर गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा गाठा. नवार आणि इलॅस्टिकचे थर एकत्र शिवायला जाड सुई आणि दणकट मशीन लागतं, ते त्यांच्याकडे असतं. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना उगाच गळ घालू नका, त्यांची सुई मोडेल.